ढकललं कोणीच नव्हतं

हिंगणघाटच्या एका मुलींच्या शाळेत शकुंतलाबाई कलोडे पीटी शिकवायच्या. त्यांचा आवाज असा खणखणीत, की मैदानावरून ‘रांग सरळ!’ असं ऐकू आलं की समोरच्या पानठेल्यावरची टवाळ पोरंसुद्धा नकळत नीट उभी राहत. कॉलेजात असताना बाई विद्यापीठाकडून कबड्डी खेळलेल्या. खांदे रुंद, चाल झपाझप, आणि साडी कितीही चांगली नेसली तरी पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. त्यावरून नवरा चिडवायचा. नवरा म्हणजे वासुदेवराव, एस.टी. डेपोत कारकून, बोलण्यात मवाळ. घरात तिसरी सपना, वासुदेवरावांची धाकटी बहीण. समुद्रपूरकडच्या खेड्यातून ती नववीसाठी दादा-वहिनीकडे आली आणि तिथलीच झाली. वहिनीनं तिला सायकल शिकवली, कबड्डी शिकवायचा प्रयत्न केला आणि शेवटी हात जोडले. सपनाला खेळापेक्षा गाण्याचं वेड.

भिंतीला भिंत लागून मंदाबाईचं घर. मंदाबाईचा नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, गावाकडे थोडी शेती. तिला दोन लेकरं, प्रेरणा आणि धाकटा धीरज. दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीवरून भाजीच्या वाट्या इकडून तिकडे जात आणि धीरज तर अर्धा दिवस सपनाच्या कडेवरच असायचा.

१९९७ सालच्या नवरात्रात गावात मोठा कार्यक्रम ठरला. वणा नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या मोकळ्या मैदानात नागपूरची ऑर्केस्ट्रा पार्टी येणार होती, आणि सोबत टीव्हीवर दिसणारा एक नकलाकार. कार्यक्रम करणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष ओमप्रकाशजी टावरी. बाजारात त्यांचं कापडाचं जुनं दुकान. आदल्या वर्षी टवाळ पोरांनी बायांच्या अंगावर गर्दी केली होती, तेव्हा या वर्षी बायांनीच मागणी केली की आम्हाला वेगळी जागा पाहिजे. ओमप्रकाशजींनी ती मानली. मंचाच्या डाव्या अंगाला चहूकडून उंच पत्रे ठोकले, आत सतरंज्या टाकल्या, यायला-जायला एक वाट ठेवली आणि तिथं दोन कार्यकर्ते उभे केले. शकुंतलाबाईंनी ते पाहून स्वतः ओमप्रकाशजींना सांगितलं होतं, “भाऊ, हे चांगलं केलं तुम्ही.”

नकलाकार वेळेवर आला नाही. ऑर्केस्ट्रानं गाणी वाजवली, मग तीच पुन्हा वाजवली. ज्यांच्या कडेवर लेकरं होती त्या बाया कंटाळून उठू लागल्या, घरी स्वयंपाक पडलेला. धीरज रडायला लागला म्हणून मंदाबाई उठली, तिच्यासोबत सपना आणि शकुंतलाबाईही उठल्या. प्रेरणा तेवढी मैत्रिणींजवळ मागे थांबली. सपनानं धीरजला उचललं आणि सगळ्या वाटेकडे निघाल्या. त्या वाटेच्या तोंडाशी आल्या आणि तेवढ्यात भोंग्यावरून आरोळी झाली, “आले! आपले लाडके कलाकार आले!” बाहेर रस्त्यावर इतका वेळ ताटकळलेल्या बाया आत यायला धावल्या. आतल्या बाहेर निघत होत्या. वाट एकच.

नंतर शकुंतलाबाई सांगायच्या, कोणी पळालं नाही, कोणी पडलं नाही. सगळ्या उभ्याच होत्या. पाय जमिनीला टेकत नव्हते, तरी उभ्या होत्या. किंचाळ्या सुरुवातीला होत्या, मग त्याही थांबल्या, कारण ओरडायला छातीत हवाच उरली नव्हती. सपनानं धीरजला दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं. पत्र्यावर चढलेल्या एका माणसानं पोराला वरच्या वर ओढून घेतलं. सपनाचे हात तसेच वर राहिले, खाली घ्यायला जागा नव्हती. शकुंतलाबाईंनी मान वळवली तेव्हा त्यांना दिसलं, सपनाच्या पाठीवर दोन पंजे टेकलेले आहेत आणि ते पुढे रेटत आहेत. ते मंदाबाईचे होते. मग सपनाचं डोकं वहिनीच्या खांद्यावर आलं, बसमध्ये झोप लागल्यावर यावं तसं.

त्या सायंकाळी तीन बाया गेल्या. सपना त्यातली एक. पेपरात आलं, ‘बेभान गर्दीची चेंगराचेंगरी.’

तेरवीला मंदाबाई आली. डोक्यावर पदर, डोळे सुजलेले. ती उंबरठ्यात असतानाच शकुंतलाबाई सगळ्यांसमोर बोलल्या, “तुह्या हातांनं गेली ते. तुह्या लेकराले उचललं तिनं, आन् तू तिले रेटलं.”

“बाई, मी नाई ढकललं वो,” मंदाबाई म्हणाली. “मांगूनच आलं.”

“चालती होय.”

त्यानंतर मधल्या भिंतीवरून काही गेलं नाही.

वासुदेवरावांनी दुःख गिळलं आणि ते डेपोत जाऊ लागले. शकुंतलाबाई शाळेत जात, पण मुलींच्या संघाला घेऊन बाहेरगावी जाणं त्यांनी सोडलं. बाजाराच्या दिवशी त्या घराबाहेर पडत नसत. एकदा डेपोत बस लागली, लोक दाराशी झोंबले, आणि बाई मागच्या भिंतीला अशा पाठ लावून उभ्या राहिल्या की वासुदेवरावांनी त्यांना हाताला धरून घरी आणलं. मैदानावर आवाज तोच होता, पण मुलींना कळायचं की बाई आता रांगेत दोन मुलींमध्ये हातभर अंतर पाहिल्याशिवाय शिटीच वाजवत नाहीत.

धीरज मात्र वाढत होता. तो अंगणात गोट्या खेळायचा, हसायचा, आणि भिंतीपलीकडून ते सगळं ऐकू यायचं.

ओमप्रकाशजींनी मंडळाचं अध्यक्षपद सोडलं. तिन्ही घरी ते गेले होते, पण शकुंतलाबाईंच्या घरी त्यांना दारातून परत यावं लागलं. गावात पुन्हा मोठा कार्यक्रम झाला नाही. ते व्यापाऱ्यांच्या एका क्लबात होते, ज्याच्या शाखा देशोदेशी आहेत. हा क्लब दरवर्षी एका देशाची माणसं दुसऱ्या देशात पाठवायचा, लोकांच्या घरी राहायला, एकमेकांचं काम पाहायला. २००० सालच्या जानेवारीत हॉलंडहून पाच जण विदर्भात येणार होते, आणि त्यांतली एक बाई हिंगणघाटला.

एका सकाळी ओमप्रकाशजी शकुंतलाबाईंच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. आत आले नाहीत.

“मॅडम,” ते म्हणाले, “मेहमान येऊन राह्यल्या. खेळाडू बाई आहे, व्हॉलीबॉल खेळलेली. आपल्याकडे ठेवता का? माझ्या घरी पाह्यलं तं बारा माणसं, तिले बसाले जागा नाई.”

“दुसरी कोणी पाहा भाऊ.”

ओमप्रकाशजी जायला वळले आणि पुन्हा फिरले. मग म्हणाले, “ती जे काम करते ते तुम्ही ऐकावं, असं मले वाटते. मी तं तिचं काम वाचलं तेव्हा झोपलोच नाई. बाकी तुमची मर्जी.”

वासुदेवराव आतून बाहेर आले. दोन वर्षांत त्यांनी बायकोला न विचारता काही ठरवलं नव्हतं. त्या दिवशी ते म्हणाले, “येऊ द्या त्यायले. सपनाची खोली रिकामीच आहे.”

पाहुणीचं नाव आनेके. वासुदेवरावांना ते ‘अनेक’ ऐकू आलं आणि शेवटपर्यंत ते तिला अनेकबाई म्हणत राहिले. पन्नाशीकडे झुकलेली, दारातून वाकून यावं लागे इतकी उंच, केस आखूड, हात शेतकऱ्यासारखे. पहाटे उठून ती धावायला जायची आणि गल्लीतली सगळी कुत्री तिच्या मागे. वांग्याची भाजी खाताना तिचं नाक लाल व्हायचं, डोळ्यांतून पाणी यायचं, तरी ती ताट चाटूनपुसून खायची. दुभाषी म्हणून ओमप्रकाशजींची मुलगी अंकिता यायची. नागपूरला कॉलेजात शिकत होती, इंग्रजी चांगलं होतं, आणि तिला या घरात पाऊल टाकताना पहिल्या दिवशी भीती वाटली होती. शकुंतलाबाईंनी तिला पाट दिला, चहा दिला.

जेवताना वासुदेवरावांनी विचारलं, अनेकबाई काम काय करतात. अंकितानं ऐकलं, सांगायला तोंड उघडलं, आणि थांबली. मग हळूच म्हणाली, “काका, तिकडे मोकळ्या मैदानात गाण्याचे मोठे कार्यक्रम होतात. लाखभर लोक येतात. तिथं गर्दीत कोणाला इजा होऊ नये, हे पाहायचं काम.”

शकुंतलाबाई ताटावरून उठल्या.

आनेकेनं पुन्हा तो विषय काढला नाही. ती शाळेत आली, मुलींशी व्हॉलीबॉल खेळली, कापसाच्या गाड्या पाहिल्या, जिनिंगमध्ये उडणाऱ्या कापसानं पांढरी होऊन परत आली. असे काही दिवस गेले. मग एका दुपारी शकुंतलाबाईंनी स्वतः कपाटातून सपनाचा फोटो काढला आणि तिच्या हातात दिला. अंकिता शेजारी होती. बाई बोलत गेल्या, अंकिता सांगत गेली. तो कार्यक्रम तिच्या वडिलांचा होता, तरी तिनं एकही शब्द गाळला नाही.

आनेकेनं सगळं ऐकून एवढंच विचारलं, “तुमचे हात कुठे होते?”

शकुंतलाबाईंनी कोपरं बाहेर काढून दोन्ही हात छातीपुढे धरले. कबड्डीत घोळक्यात सापडलं की खेळाडू धरतो तसे. आजवर त्यांनी याचा विचार केला नव्हता.

“आणि तिचे?”

बाईंनी हात वर केले, लेकरू धरल्यासारखे. तिथंच त्या थांबल्या. त्यांना कळलं. छातीपुढे हात होते म्हणून आपल्याला श्वासापुरती जागा राहिली. सपनाला ती राहिली नाही.

आनेके हळू बोलत होती, अंकिता त्याहून हळू. तिच्या कार्यक्रमात खूप वर्षांपूर्वी सोळा वर्षांची एक मुलगी मंचापुढच्या गर्दीत दगावली होती. तिथल्याही पेपरांनी लिहिलं, गर्दी बेभान झाली. आनेके तेव्हा त्या मैदानावर पाणी वाटायला होती. तिनं आणि तिच्या सोबत्यांनी मग इतर देशांत जाऊन विचारलं. जर्मनीत, इंग्लंडात, पोलंडात, जिथं जिथं असं झालं होतं तिथं. सगळीकडे ऐकायला मिळालं ते एकच, कोणी बेभान नव्हतं. लोक उभ्या उभ्या गेले आणि मागच्यांना माहीतही नव्हतं. तेव्हापासून या देशांची माणसं दरवर्षी एकत्र बसतात, एकाच्या मैदानावर जे कळलं ते दुसऱ्याला सांगतात.

“ते ठीक आहे,” शकुंतलाबाई म्हणाल्या. “पण मी ढकलणारी पाह्यली. माह्या डोळ्यांनं.”

आनेके म्हणाली, “उद्या मला तुमच्या मुली आणि मैदान द्याल?”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मैदानावर चुन्यानं चौकोन आखला आणि मुलींना त्यात दाटीनं उभं केलं, पाठीला पोट लागेल इतकं. समोर गाद्या टाकल्या. पुढच्या रांगेच्या मुलींनी हात छातीपुढे धरायचे, बाकीच्यांनी नुसतं उभं राहायचं, असं अंकितानं सांगितलं. मुलींना हा खेळच वाटला, त्या खिदळत होत्या. आनेके मागच्या रांगेजवळ गेली आणि त्यांना म्हणाली, धक्का द्यायचा नाही, फक्त पाऊलभर पुढे सरका. मागच्या मुली सरकल्या.

पुढची रांग धपाधप गाद्यांवर पडली. आनेकेनं लगेच हात वर करून सगळ्यांना मोकळं केलं.

“कोणी ढकललं?” तिनं विचारलं.

पडलेल्या मुलींनी मागे बोट दाखवलं, प्रत्येकीनं आपल्या पाठीमागच्या मुलीकडे. त्या मुली रागावल्या. “मी काऊन ढकलीन? मलेच मांगून आलं!” त्यांनी आणखी मागच्या मुलींकडे बोट दाखवलं. असं बोट मागे मागे जात राहिलं. मधल्या रांगेत प्रेरणा होती, मंदाबाईची मुलगी, आता शाळेच्या संघातली सगळ्यात चपळ खेळाडू. ती बाईंकडे न बघता खाली बघून म्हणाली, “मी नाई ढकललं, मॅडम. मांगूनच आलं.”

शेवटी बोट मागच्या रांगेपर्यंत पोहोचलं. त्या मुली बावरून एकमेकींकडे पाहत होत्या. त्या तर फक्त पाऊलभर सरकल्या होत्या. पुढं कोणी पडलं, हे त्यांना दिसलंसुद्धा नव्हतं.

शकुंतलाबाईंच्या तोंडात शिटी होती. ती त्यांनी काढली, अंकिताच्या हातात दिली आणि त्या मैदानातून चालत निघाल्या.

मंदाबाई अंगणात सूप घेऊन तुरीच्या शेंगा सोलत होती. फाटकाचा आवाज झाला, तिनं वर पाहिलं आणि हातातली शेंग तशीच धरून उठली. तिला वाटलं, धीरजनं काही मोडलं असेल, बाई भांडायला आल्या.

“बस,” शकुंतलाबाई म्हणाल्या, आणि स्वतःही खाली बसल्या, बूट न काढता. सुपातली एक शेंग घेऊन त्यांनी सोलली, दाणे वाटीत टाकले. मग दुसरी घेतली.

“तू नाई ढकललं,” त्या शेवटी म्हणाल्या. “मले आज समजलं.”

मंदाबाईनं हातातली शेंग सुपात टाकली. मग ती बोलू लागली ती एकसारखी. “माह्ये हात तिच्या पाठीवर होते, बाई. खोटं नाई बोलत. तिच्या पाठीचा घाम लागे माह्या हाताले. मी हात मांगं घ्याले पाहत होती, तं हाताले जागाच नव्हती. माह्या मांगं कोण होतं मले माहीत नाई, पण माह्या पाठीवर बी हात होते. सपना, सपना म्हणून आवाज देत होती मी, तं आवाज बी निंघेना. मले वाटे, बाई म्हणते ते खरंच असंन. मीच मारली पोरीले. माह्या लेकराले वाचवलं तिनं आन् मी...”

“नाई वो मंदा.”

“रोज वाटे. धीरज जेवाले बसला का वाटे.”

शकुंतलाबाईंनी तिचे हात आपल्या हातात घेतले. तेच हात होते. बोटांना शेंगांचा हिरवा डाग लागलेला. दोघी रडल्या. धीरज शाळेतून आला, दाराशी थबकला आणि आईला विचारू लागला, काय झालं. आई म्हणाली, “काई नाई रे, मोठी आई आली आहे. पाणी आण तिले.” दोन वर्षांनी त्या घरात शकुंतलाबाईंना कोणी मोठी आई म्हटलं होतं.

आनेके निघण्याआधी ओमप्रकाशजींच्या दुकानाच्या माडीवर बैठक झाली. जुन्या मंडळाचे लोक आले, शकुंतलाबाई आल्या आणि मंदाबाईलाही त्या सोबत घेऊन आल्या. आनेकेनं काही हुकूम सोडले नाहीत. तुमचं गाव तुम्हाला माहीत, ती म्हणाली, मी फक्त आमच्याकडे काय चुकलं ते सांगते. येण्याची वाट आणि जाण्याची वाट कधी एक ठेवू नका. वाट अरुंद होत जाऊ देऊ नका. आणि कोणाला तरी असा अधिकार द्या, की त्यानं हात वर केला की कार्यक्रम थांबला पाहिजे, मंचावर कोणीही असो.

पत्र्यांची गोष्ट निघाली तेव्हा वाद झाला. बबनराव म्हणून मंडळाचे जुने खजिनदार होते. ते म्हणाले, “पत्रे काढले तं माणसं बायायकडे पाहतीन. मागच्या टायमाले बायायनंच सांगतलं होतं.”

मंदाबाई सभेत कधी बोललेली नव्हती. ती मागून म्हणाली, “पाहू द्या नं. पाह्यल्यानं कोणी मरत नाई.”

पत्रे काढायचं ठरलं.

पुढच्या उन्हाळ्यात क्लबाचा उलटा फेरा होता, इकडच्या माणसांनी तिकडे जायचं. ओमप्रकाशजींनी शकुंतलाबाईंचं नाव पुढे केलं. बाई म्हणाल्या, मला गर्दी सहन होत नाही, मी काय जाऊ. वासुदेवराव म्हणाले, “जाय तू. मी तुह्या बुटायले खडू लावून देतो.” मंदाबाईनं जवसाची चटणी बांधून दिली. नागपूरहून मुंबई, मुंबईहून पुढे, अशा शकुंतलाबाई विमानात बसल्या आणि आनेकेच्या गावी पोहोचल्या.

तिकडचं मैदान पाहून त्या फाटकातच थांबल्या. माणसंच माणसं. आनेकेनं त्यांना गर्दीत नेलं नाही. ती त्यांना मंचाच्या कडेला, कठड्याच्या आतल्या बाजूला घेऊन गेली, जिथून पुढच्या रांगेतल्या पोरापोरींचे चेहरे दिसतात. “गाण्याकडे पाहू नका,” ती म्हणाली, “चेहरे पाहा.” शकुंतलाबाईंना इंग्रजी जेमतेम येत होतं, पण एवढं कळलं. आयुष्यभर त्यांनी मुलींचे चेहरेच तर पाहिले होते, कोणाला धाप लागली, कोणाला चक्कर येते आहे. त्या पाहत राहिल्या. एका जागी हसणारे चेहरे हसायचे थांबले होते, श्वासासाठी माना वर झाल्या होत्या. त्यांनी आनेकेचा दंड धरला. आनेकेनं ते आधीच पाहिलं होतं. तिनं हात वर केला, आणि ज्याच्यासाठी एवढे लोक आले होते त्या गायकानं अर्ध्यात गाणं सोडलं. तो माइकवर काही बोलला. अख्खं मैदान दोन पावलं मागे सरकलं. मागून पुढपर्यंत, सावकाश. दोन पोरी कठड्यावरून उचलून बाहेर काढल्या, त्यांना पाणी दिलं, आणि गाणं पुन्हा सुरू झालं.

“लोक शिव्या देत नाईत?” बाईंनी नंतर विचारलं.

“पूर्वी द्यायचे,” आनेके हसून म्हणाली. “फार द्यायचे.”

सकाळी वेगवेगळ्या देशांची माणसं एका तंबूत बसत. पोलंडचा अग्निशमन दलातला एक माणूस होता, पोर्तुगालची दोघं होती. शकुंतलाबाईंना बोलायला सांगितलं तेव्हा त्यांनी मोडक्या इंग्रजीत सपनाची गोष्ट सांगितली, आणि मग विचारलं, ज्या बाईच्या हातात लेकरू आहे तिनं हात छातीपुढे कसे धरायचे? तिकडच्या मैदानांवर कडेवरची लेकरं फारशी येत नसत, त्यामुळे हा प्रश्न तिथं कोणी केला नव्हता. त्यावर दोन दिवस बोलणं झालं. पोलंडचा माणूस चित्र काढून दाखवायचा, बाई मान हलवायच्या. शेवटी ठरलं ते साधंच. लेकरंवाल्यांची जागा मंचापुढे ठेवायचीच नाही, कडेला ठेवायची, मोकळ्या बाजूनं, जिथून केव्हाही कोणाच्या आडवं न येता निघून जाता येईल. पुढच्या वर्षी आनेकेनं तिच्या मैदानावरही तशी जागा केल्याचं कळवलं.

२००२च्या नवरात्रात हिंगणघाटला पुन्हा ऑर्केस्ट्रा झाला. तेच मैदान, पण पत्रे नाहीत, नुसते कमरेएवढे बांबू. येणं रस्त्याच्या बाजूनं, जाणं नदीच्या बाजूनं. कडेला लेकरंवाल्या बायांची जागा, तिथं मंदाबाई. कॉलेजात गेलेली प्रेरणा आणि तिच्या मैत्रिणी गळ्यात शिट्या घालून जागोजागी. मंचाच्या कडेला शकुंतलाबाई, पाठ मंचाकडे, तोंड लोकांकडे. सुरुवातीला त्यांनी बांबू घट्ट धरून ठेवला होता. नंतर कधी सोडला ते त्यांनाही कळलं नाही.

कार्यक्रम रंगात आला. गायिकेनं सगळ्यांना आवडणारं गाणं धरलं आणि मागची पोरं नाचत पुढे सरकू लागली. बाईंना पुढच्या रांगेत दिसलं, चार-पाच बायांच्या माना वर होत आहेत, एकीचं तोंड उघडं आहे. बाईंनी हात वर केला. गायिका गातच होती, तिला ठरलेलं आठवलं नाही. बाई मंचावर चढल्या, पांढऱ्या बुटांसकट, आणि त्यांनी माइक हातात घेतला.

“गाणं थांबवा. मांगचे, दोन पावलं मांगं. मांगचे आधी.”

पानठेल्यावरच्या पोरांना सरळ उभं करणारा तो आवाज भोंग्यावर चढला आणि मैदान गप्प झालं. मग शिट्ट्या सुरू झाल्या. “ओ मॅडम, शाळा नाई हे!” कोणी ओरडलं. मंचाच्या दुसऱ्या कडेला खुर्चीवर बसलेल्या मुख्य पाहुण्यांनी ओमप्रकाशजींना बोलावलं आणि विचारलं, ही बाई कोण, हिला खाली उतरवा. ओमप्रकाशजींचा चेहरा उतरला होता, पण ते म्हणाले, “साहेब, ते जेव्हा सांगतीन तेव्हाच गाणं सुरू होईन. आज मी बी त्यायच्यापुढं काई नाई.”

लोक मागे सरकले, कुरकुरत, पण सरकले. पुढच्या बायांना जागा झाली. एकीनं पदरानं तोंड पुसलं आणि लांब श्वास घेतला. बाईंनी तो पाहिला, तिच्या छातीची वरखाली पाहिली, मग माइक गायिकेला दिला आणि खाली उतरल्या.

त्या सायंकाळी काही झालं नाही. कोणालाही लागलं नाही. आणि नेमकं त्यामुळेच गावात पुढं कितीतरी दिवस हेच बोललं गेलं, की त्या पीटीच्या बाईनं भर गाण्यात कार्यक्रम बंद पाडला, पाहुण्यांचा अपमान केला. काही झालं असतं की नाही, हे आता कोण सांगणार? वासुदेवरावांना डेपोत लोक चिडवायचे. ते म्हणायचे, “बंद नाई पाडला भाऊ, घडीभर थांबवला.” शकुंतलाबाईंना सुरुवातीला याचं वाईट वाटायचं. मंदाबाई म्हणाली, “बोलू दे लोकायले. घरी जाऊनच बोलून राह्यले नं?”

आनेकेशी अंकितामार्फत ई-मेल चालू राहिलं. तिकडून चित्रं यायची, इकडून प्रश्न जायचे. दोन-तीन वर्षांत हिंगणघाटचं पाहून आजूबाजूच्या गावांतून बोलावणी येऊ लागली, वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेच्या एका मंडळाचं, मग समुद्रपूरच्या कबड्डी सामन्यांचं. समुद्रपूरला जायला शकुंतलाबाई आधी कचरल्या, कारण तो सपनाच्या गावचा रस्ता. मंदाबाई म्हणाली, मी येते सोबत, आणि दोघी सकाळच्या बसनं निघाल्या.

मैदानावर तानबा नावाचा मांडववाला खांबांसाठी खड्डे खोदत होता. दोन्ही बायांनी मैदानाला चक्कर मारली. मंदाबाई एका कोपऱ्यात थांबली आणि म्हणाली, “अथून निंघाची वाट पाह्यजे, इकडं नाला आहे म्हणून पब्लिक इकडं येणारच नाई.” आयोजक म्हणाले, नाही, तिकडून माणसं फुकट आत शिरतील. शकुंतलाबाई म्हणाल्या, शिरू द्या चार फुकटे. आयोजक हसले, पण मानेनात. मग बाईंनी त्यांना मैदानाच्या मध्यभागी नेलं, चौघांना एकामागे एक खेटून उभं केलं आणि तानबाला म्हणाल्या, “दादा, तुम्ही मांगून पाऊलभर सरका बरं.”

तानबानं पहार बाजूला ठेवली, हात धोतराला पुसले आणि तो पाऊलभर पुढे सरकला. सगळ्यात पुढचा आयोजक तोल जाऊन गुडघ्यावर आला. तो उठला, गुडघा झाडला आणि मागच्याला म्हणाला, “काऊन बे, ढकलतो काऊन?” मागचा चिडून मागे वळला. मंदाबाईनं तोंडाला पदर लावला.

थोड्या वेळानं नाल्याकडच्या कोपऱ्यात निघायच्या वाटेच्या खांबासाठी खड्डा खोदायला सुरुवात झाली.